‘नोंद झाली’ किती सेकंद दाखवायचं?

गावच्या दूध डेअरीला संकलनाचं वेब अ‍ॅप करून दिलं, तेव्हा नोंदीनंतर ‘नोंद झाली’ सांगणारी हिरवी पट्टी मी दोन सेकंदांत घालवत होतो. अँड्रॉइडचा आखूड टोस्टही (स्क्रीनवर क्षणभर येणारा छोटा निरोप) 2 सेकंदच टिकतो, म्हटलं तेवढं पुरे. पहिल्याच आठवड्यात तिघांचं दूध दोनदा चढलं.

पहाटे साडेपाचला काउंटरवर जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. सचिव एंटर दाबतात आणि लगेच मान वळवून पुढची किटली मापाला घेतात. परत बघेपर्यंत पट्टी गायब, फॉर्म मात्र तसाच भरलेला. ‘झालं का नाही’ म्हणून पुन्हा एंटर!

म्हणून आधी फॉर्मचं बघा. डेटा जतन झाला की त्याच उत्तरात पान दाखवू नका, रीडायरेक्ट करा, म्हणजे ब्राउझरला नव्या पानावर पाठवा. फॉर्म कोरा होतो, आणि रिफ्रेश केलं तरी नोंद दुबार जात नाही. मग निरोप पुढच्या पानावर न्यायचा कसा? मी फ्लास्क (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरतो, त्यात फ्लॅश फंक्शन आहे (जँगो आणि रेल्स या फ्रेमवर्कमध्येही अशीच सोय आहे). मजकूर सेशनमध्ये (त्या वापरकर्त्यापुरत्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवला जातो आणि टेम्प्लेटने, म्हणजे पानाच्या साच्याने, एकदा वाचला की पुसला जातो. वाचणारा कोड सगळ्या पानांना सामाईक असलेल्या बेस टेम्प्लेटमध्येच घाला. मी तो एकाच पानावर ठेवला होता, तर सकाळचे साचलेले निरोप संध्याकाळी एकदम बाहेर पडले.

फ्लास्कचं सेशन म्हणजे मुळात कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद), तिची मर्यादा साधारण 4 केबी. एक्सेलमधल्या साठ चुकांची यादी फ्लॅशमध्ये कोंबलीत तर निरोप गुपचूप हरवतो. अशी यादी पानावरच छापा.

आता मजकूर. ‘यशस्वीरीत्या जतन केले’ याने सचिवांना काय कळणार? मी लिहितो: ‘214, म्हैस, 4.5 लिटर, फॅट 6.4. नोंद झाली.’ 214 हा सभासदाचा कोड; चुकीचा पडला असेल तर तिथंच दिसतो.

वेळेसाठी माझा हिशोब गावठी आहे: निरोप सावकाश दोनदा मोठ्यानं वाचायचा, लागतील तेवढे सेकंद टायमरला द्यायचे. वरच्या निरोपाला आठ लागले. माउस पट्टीवर असेल तर टायमर थांबवा. हे सगळं फक्त हिरव्या पट्टीसाठी. चूक सांगणारी लाल पट्टी आपोआप घालवायचीच नाही, माणसानं ‘बंद करा’ दाबेपर्यंत ती राहू दे. जागा वरची, कारण मोबाइलवर खालची पट्टी कीबोर्डमागं जाते.

स्क्रीन रीडरसाठी (अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) पट्टीच्या डब्याला, म्हणजे ती ज्या HTML घटकात दिसते त्याला, ‘रोल’ हा गुणधर्म द्या: साध्या निरोपाला ‘स्टेटस’, चुकीला ‘अलर्ट’. डबा पान उघडतानाच रिकामा हजर हवा, मजकूर जावास्क्रिप्टनं मागाहून त्यात टाकायचा. पानासोबतच भरून आलेला मजकूर बऱ्याचदा वाचलाच जात नाही.

एवढं करूनही सचिवांची शंका फिटली ती फॉर्मखाली शेवटच्या पाच नोंदींची यादी लावल्यावर. हल्ली ते हिरव्या पट्टीकडं बघतसुद्धा नाहीत.