पोटात आग पडते? आधी या चुका टाळा

परळला आमचं मेडिकल आहे. 22 वर्षं मी त्या काउंटरवर उभी राहते. सकाळी शटर वर गेलं की पहिल्या दहा गिऱ्हाइकांत दोघं-तिघं तरी म्हणणारच, "ताई, पोटात आग पडलीये, काहीतरी द्या." कशाने पडली विचारलं तर काल मिसळ तिखट होती, नाहीतर वडापाव जुन्या तेलातला होता. जठराचं आधीच सुजलेलं अस्तर तिखटाने चुरचुरतं, हे खरं. पण महिनोन् महिने हटत नाही ती जठराची सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस, बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाने आलेली असते. दुखण्याच्या गोळ्या, दारू, किंवा एच. पायलोरी नावाचा जंतू. ते तसंच चालू ठेवायचं आणि वरून जिऱ्याचं पाणी प्यायचं, ही चूक मी रोज बघते.

दुखण्याची गोळी रोजची करणं

माझे मामा दादरच्या फुलबाजारात पाट्या उचलायचे. पहाटे साडेतीनला उठायचं, पहिली लोकल पकडायची, स्टेशनबाहेर एक कटिंग मारायची. त्या कटिंगबरोबर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची एक गोळी. शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेल्या दोन गोळ्या कायम असायच्या, एक पहाटेची, एक दुपारची. असं आठ महिने चाललं. आमच्याकडे आले की म्हणायचे, "बाय, जरा जळजळतंय." मी दोनदा ॲसिडिटीची गोळी काढून दिली. तुम्ही दुसरं काय घेता, एवढं एक वाक्य मी विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एका सकाळी दादरच्या पुलाच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली आणि ते मधेच बसले. तपासलं तर हिमोग्लोबिन 6, म्हणजे फारच कमी. आठवडाभर शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होत होतं, पण ते कोणाला सांगावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. एन्डोस्कोपीत, म्हणजे तोंडातून नळी घालून आत बघितलं तेव्हा, जठराचं अस्तर जागोजागी सोललेलं दिसलं, आणि एक अल्सर, म्हणजे जखम. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या अंगातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात, म्हणून दुखणं थांबतं. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या बाजूला चिकट थर राखतं आणि तिथला रक्तपुरवठा टिकवतं. ते घटलं की आपलंच आम्ल आपलं अस्तर खातं. "मी जेवल्यावरच घेते" असं बायका मला विश्वासाने सांगतात. जेवल्याने पोटाला थोडं बरं वाटतं, पण गोळी रक्तात उतरली की तिचं काम तेच, म्हणून इंजेक्शन घेतलं तरी धोका टळत नाही. शिवाय गोळी दुखणं दाबते, त्यामुळे अल्सर झाला तरी पोट ओरडत नाही. मामांना फक्त "जरा जळजळतंय" एवढंच वाटलं, ते यामुळेच.

माझी सवय सांगते. गुडघा, कंबर, डोकं, काहीही दुखो, आधी शेक, मग डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल. ते जठराला तितकं लागत नाही. मात्र हृदयासाठी डॉक्टरने ॲस्पिरिन लिहून दिलं असेल, तर पोट जळतंय म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरकडे जा आणि दोन्ही गोष्टी सांगा.

जंतू असताना काढ्यावर भिस्त ठेवणं

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांनी 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला एच. पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला, तेव्हा डॉक्टर लोकांचाच विश्वास बसेना. 1984 मध्ये मार्शलनी स्वतः जंतूंचं पाणी पिऊन स्वतःला गॅस्ट्रायटिस करून घेतला. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जंतू असंख्य लोकांच्या पोटात असतो, सगळ्यांनाच त्रास देतो असं नाही. पण ज्याला देतो, त्याचा तो आवळ्याने किंवा ओव्याने जात नाही. त्याला दोन-तीन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी असा, साधारण 14 दिवसांचा, पूर्ण कोर्स लागतो. तोंड कडू पडतं, धातूची चव येते, आणि पाचव्या दिवशी "बरं वाटतंय" म्हणून पाकीट कपाटात जातं. अशा घाईने जंतू मरत नाही, औषधाला सरावतो. शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची असेल तर ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद हवं, नाहीतर जंतू असूनही नाही असं येतं. अर्थात बंद करायचं ते डॉक्टरला सांगूनच.

बाकीच्या चुका

पँटोप्रॅझोल जेवल्यावर घेणं: ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. वर्षभर घेऊन एका दिवसात सोडणं: आम्ल उसळून येतं, मग वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करा.

गार दूध: घटकाभर थंड वाटतं, मग दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आणखी आम्ल सुटायला लावतात. फसफसणारी पावडर: सोडियम भरपूर, रक्तदाबवाल्यांनी लांबच राहावं. ज्येष्ठमध: रोज खाल्लं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. उपाशीपोटी लिंबूपाणी किंवा व्हिनेगर: सुजलेल्या जागेवर आंबट कशाला?

दिवसभर निर्जळी करून रात्री साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट आणि तळलेल्या पापड्या खाणाऱ्यांना मी श्रावणात रोज बघते. श्रद्धा ठेवा, पण पोट सुजलेलं असताना केळं, राजगिऱ्याची लाही, ताक एवढ्यावर उपास करा.

मला उपयोगी पडलेलं म्हणाल तर आईची तांदळाची पेज. मूठभर जाड तांदूळ भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवायचा, मीठ आणि चमचाभर तूप. सकाळी चहाच्या आधी एक वाटी. दुपारी मिरची न घातलेलं पातळ ताक. विरारला पोचेपर्यंत रात्रीचे दहा होतात त्यांना मी दोन डबे न्यायला सांगते. संध्याकाळी सहाला ऑफिसातच पोळी-भाजी खा, घरी गेल्यावर फक्त मऊ भात किंवा नाचणीची आंबील. झोपायच्या आधी दोन-तीन तास पोटात काही जड नको. सिगारेट आणि दारू तेवढे दिवस पूर्ण बंद, "फक्त शनिवारी" सुद्धा नाही. अस्तर भरून यायला आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून नवीन उपाय विचारायला येणाऱ्यांना मी काही देत नाही, परत पाठवते.

काळं शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, वजन उतरणं, घास अडकणं, यातलं काहीही दिसलं तर पेज बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आणि छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, जबड्यात नाहीतर हातात कळ जातेय, तर "गॅस झालाय" म्हणून माझ्या काउंटरवर येऊ नका. मधुमेह असेल तर कळ नसतानाही नुसता घाम आणि मळमळ असू शकते. 108 ला फोन करा, आधी ईसीजी काढा.