ड्युटी बदलते, तांबूचा दिवस बदलत नाही

मी नाशिकला स्टाफ नर्स आहे. माझी ड्युटी कधी सकाळी 8 ते 2, कधी 2 ते 8, तर कधी रात्री 8 ते सकाळी 8. घरात सासूबाई, नवरा, आठवीतला मुलगा ओम आणि तांबू. तांबू म्हणजे पार्किंगमध्ये पावसात कुडकुडत सापडलेलं गावठी पिल्लू. आता चार वर्षांचा आहे.

पहिलं वर्षभर त्याचा दिवस माझ्या ड्युटीमागे फरफटत गेला. मॉर्निंग असली की पहाटे फिरणं, नाइट असली की थेट साडेनऊला. जो घरी असेल तो खायला घालायचा, कधी कधी दोघंही घालायचे. दारापाशी शू, चपलांचा चोथा, आणि आठवड्यातून एक-दोनदा सकाळी पायपुसण्यावर पिवळा फेस. उलटीत अन्नाचा कण नाही, नुसतं पित्त.

वॉर्डात पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतो, तसा मी तांबूचा ठेवायला घेतला. फ्रिजला दोरीने वही बांधली. कोणी किती वाजता काय दिलं, शू-शी किती वाजता, उलटी कधी. तीन आठवड्यांत उत्तर समोर आलं. इव्हिनिंगला जाताना मी त्याचं रात्रीचं जेवण दुपारी दीडलाच वाढून जात होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सतरा-अठरा तास पोट रिकामं. डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, जेवण संध्याकाळी द्या आणि झोपताना द्यायला दोन घास वेगळे ठेवा. फेस थांबला. (उलट्या रोज होत असतील किंवा कुत्रा मलूल दिसत असेल, तर असले प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.)

म्हणून कुत्रा घरी आणलात की पहिले पंधरा दिवस वही ठेवा. वेळापत्रक त्यातूनच तयार होतं.

दुसरं म्हणजे मिनिटांपेक्षा क्रम सांभाळा. तांबूला साडेसहा आणि सात यांतला फरक चालतो, पण आधी काय आणि मग काय, हे बदललेलं चालत नाही. आमचा क्रम असा: उठणं, पट्टा, खाली अर्धा तास, वर येऊन पाय पुसणं, वीस-पंचवीस मिनिटं पंख्याखाली आडवं होणं, मग जेवण, मग झोप. संध्याकाळीही हाच. धावून आल्या आल्या जेवण देऊ नका, आणि भरल्या पोटी पळवूही नका. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये त्यामुळे पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो आणि जिवावर बेततं. मी घरी नसेन तेव्हा हाच क्रम ओम पाळतो. ‘चल खाली’ आणि ‘थांब’ हे शब्दसुद्धा घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवलेत.

फिरणं म्हणजे ओढत नेणं नाही. निदान दहा मिनिटं त्याला हुंगू द्या. एकाच खांबापाशी तांबू नाक लावून मिनिटभर उभा राहतो, कान मागे, शेपूट स्थिर. तो वेळ मी त्याला देते. ज्या दिवशी घाईत तसंच पुढे खेचलं, त्या दिवशी तो घरी येऊन स्वस्थ बसलेला मला आठवत नाही.

पिल्लू असेल तर हिशोब वेगळा. जितके महिने वय, साधारण तितकेच तास ते शू धरू शकतं, त्याहून जास्त अपेक्षा करू नका. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच खाली न्या. जेवण तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा.

ताटात काय, यावर सासूबाईंशी माझं बरंच बोलणं झालं. त्यांच्या माहेरी कुत्र्याला दूध-भाकरीच असायची. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही, त्याला मांस-अंड्यांतून मिळतात तशी भरपूर प्रथिनं लागतात. आम्ही बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात आणि थोडा लाल भोपळा देतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नाही. आणि नाशिककरांना हात जोडून सांगणं आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, तेव्हा एक मणीसुद्धा कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. आमच्याकडे पेटी फ्रिजवर ठेवतो.

उन्हाळ्यात वेळा सरकवाव्याच लागतात. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा, तुम्हाला सोसली नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी साडेसहाच्या आत परत येतो. वेळ बदलायची तर रोज पंधरा मिनिटांनी सरकवा, एकदम दोन तासांनी नको.

एकटं राहणंही दिनक्रमातच शिकवा. आधी दोन मिनिटं दाराबाहेर, मग पाच, मग पंधरा. निघताना मिठ्या नकोत. मी त्याला चावायचं हाड-खेळणं देते, ‘येते हं’ म्हणते आणि दार लावते. आल्यावरही आधी पर्स ठेवते, हात धुते, मग त्याच्याजवळ बसते.

पावसाळ्यात पाय पुसताना गोचीड बघणं हे आमच्याकडे रोजचं काम आहे: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली. तरी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये चुकलंच. संध्याकाळी ताट ठेवलं, तांबूने हुंगलं आणि दिवाणाखाली जाऊन बसला. एरवी ताट ठेवायच्या आधी त्याची लाळ गळते. ओठ उचलून पाहिलं, हिरड्या फिकट होत्या. ताप 104 होता (कुत्र्याचा नेहमीचा 101 ते 102.5 फॅरनहाइट असतो). त्याच रात्री रक्त तपासलं, प्लेटलेट्स घसरलेल्या, गोचीडताप निघाला. औषधं वेळेवर सुरू झाली आणि तो उठला. जेवणाची वेळ ठरलेली नसती, तर ‘आत्ता भूक नसेल’ म्हणून मी ते ताट उचलून ठेवलं असतं.

वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: वजन, रेबीजच्या आणि बाकी लसींच्या तारखा, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, गोचिडाचं औषध कोणतं आणि कधी, डॉक्टरांचा नंबर. मुलाच्या हाताला येईल इतक्या खाली ती वही टांगा. रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे गेलात की ते पहिल्यांदा हेच विचारतात: शेवटचं कधी खाल्लं, शी कशी झाली, शू किती वेळा.