खेळण्यातली एअरसॉफ्ट रायफल वापरलेली दिसण्यासाठी

नाटकात किंवा फोटोशूटला नवी एअरसॉफ्ट रायफल (प्लास्टिकच्या छऱ्यांची खेळण्यातली बंदूक) प्लास्टिकची आहे हे लगेच कळतं. अख्खी नव्याने रंगवायची गरज नाही, फक्त कडा झिजलेल्या दाखवायच्या.

१. भांड्यांच्या साबणाने बाहेरून पुसून घ्या, वाळल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा. चकाकी गेली की पुरे.

२. चपट्या ब्रशला चंदेरी ॲक्रिलिक रंग लावा आणि टॉवेलच्या चिंधीवर (सोलापुरात तिला काय तोटा!) ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा. मग फक्त कडांवरून ओढा: मॅगझिनचं (गोळ्यांच्या पेटीचं) तोंड, ट्रिगरभोवतीची कडी, बोल्टचा दांडा, पट्ट्याची कडी. हात किंवा पट्टा घासतो तिथेच झीज हवी. सगळीकडे सारखी केली की खोटेपणा उघडा पडतो.

३. काळा आणि तपकिरी रंग आठपट पाण्यात, साबणाचा एक थेंब घालून खाचांत सोडा. वरचा लगेच टिपा.

४. मॅट क्लिअर स्प्रेचे (बिनचकाकीच्या पारदर्शक वॉर्निशचे) दोन पातळ हात, २५-३० सेंमीवरून. एप्रिल-मेमध्ये सकाळी सावलीतच मारा. दुपारच्या झळांत थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

५. शेवटी ६बी पेन्सिलच्या (चित्रकलेच्या मऊ, गडद पेन्सिलच्या) शिशाची पूड बोटाने कडांवर चोळा. स्प्रेआधी चोळली तर लोखंडी चमक मरते.

थिनर लावू नका, प्लास्टिक विरघळतं. नळीचं नारिंगी टोक तसंच ठेवा, आणि तालमीला नेताना रायफल बंद पिशवीतच.