जुन्या मोटरहोममध्ये इन्व्हर्टर बसवताना

खान्देशात इन्व्हर्टर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण भारनियमनाच्या वर्षांत तो घराघरांतल्या जिन्याखाली येऊन बसला आणि तिथेच राहिला. मात्र घरातल्या या अनुभवामुळेच गाडीतले काम सोपे आहे असा समज होतो. घरी कारागीर येतो, पेटी ठेवतो, बॅटरीला दोन तारा जोडतो आणि तासाभरात निघून जातो. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे किंवा मिनीबसचे मोटरहोम केलेले असेल, तर हेच काम नीट करायला दोन दिवस लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ पेटीवर नव्हे, तर तारा, फ्यूज आणि जोड यांवर जातो.

याचे कारण साध्या गणितात आहे. १००० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह घेते. तेच उपकरण १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवले, तर इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून ९५ ते १०० अँपिअर बाहेर पडतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह सुमारे २२ पट झाला की त्याच तारेतली उष्णता जवळजवळ ५०० पट होते. आमच्या गाडीत पहिल्या कारागिराने इन्व्हर्टरसाठी हेडलाइटला चालेल एवढ्याच जाडीची तार ओढली होती. चोपड्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून शेवभाजीचे वाटण मिक्सरला लावले, तेव्हा मसाल्याच्या आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. नशिबाने फरशीवरचे मॅटच तेवढे वितळले.

काही विकत घेण्यापूर्वी गाडीची यंत्रणा १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे मल्टिमीटरने तपासावे. ट्रॅव्हलरसारख्या गाड्या सामान्यतः १२ व्होल्टच्या असतात, पण मोठ्या बसवर बांधलेल्या मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. अशा गाडीत दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा मोह टाळावा, कारण एक बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त भरली जाते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. इंजिन बंद करून दोन-तीन तास झाल्यावर १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले, तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा पाहावा. इन्व्हर्टरचा विचार नंतर करावा.

यानंतर हिशेब येतो, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरेच पैसे वाचतात: इन्व्हर्टर किती मोठा हवा हे मिक्सर ठरवतो, आणि बॅटरी किती मोठी हवी हे पंखा ठरवतो. ५०० वॅटचा मिक्सर तीन मिनिटे चालला तर तो केवळ २५ वॅट-तास ऊर्जा घेतो, परंतु सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट जोर मागतो, म्हणून त्याच्यासाठी १००० वॅटचा इन्व्हर्टर लागतो. उलट ७० वॅटचा साधा पंखा इन्व्हर्टरला जड जात नाही, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे रात्री नऊ तास चालला की ६३० वॅट-तास खाऊन टाकतो. त्यात लॅपटॉपचे १२० आणि मिक्सरचे २५ मिळवले की ७७५ होतात. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे ९१० वॅट-तास, म्हणजे ७६ अँपिअर-तास निघतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये हा नियम पाळला, तर १५० अँपिअर-तासांची बॅटरीही काठावर येते. याच हिशेबात ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा घातला, तर ८० ते ९० अँपिअर-तासांत भागते आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलावा. खरे तर थेट १२ व्होल्टवर चालणारा पंखा सर्वांत उत्तम, कारण मग रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवण्याची गरजच राहत नाही. काहीही जोडलेले नसताना इन्व्हर्टर स्वतःच अर्धा ते एक अँपिअर घेत असतो. वातानुकूलन यंत्र आणि विजेची शेगडी यांचा विचार या व्यवस्थेत करू नये. चहासाठी गॅसच बरा.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्यावा. स्वस्त चौकोनी लहरींच्या पेटीवर पंखा रात्रभर घुमतो, मिक्सरची मोटर तापते आणि काही चार्जर नीट काम करत नाहीत. घरचा जुना इन्व्हर्टर गाडीत नेऊन ठेवणे हाही चांगला पर्याय नाही, कारण तो धक्के आणि कंप सहन करण्यासाठी बनवलेला नसतो.

घरवापराची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळीच असली पाहिजे. नाहीतर तोरणमाळला थंडीत एक रात्र पंखा-दिवे न लावताही केवळ मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यावर इन्व्हर्टर चालू राहिला, तरी सकाळी सेल्फ फिरेल याची खात्री नसते, आणि तिथे धक्का मारायला माणसे शोधत बसावे लागते. दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले बसवता येतो, परंतु जुन्या गाडीत मला २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीच्या बाजूच्या विजेवरून घरवापराची बॅटरी भरणारा) अधिक योग्य वाटतो. जुन्या अल्टरनेटरची क्षमता बेताची असते, आणि रिकामी बॅटरी थेट जोडली की ती जेवढा मिळेल तेवढा प्रवाह ओढते. लिथियम बॅटरी तर अल्टरनेटर जळेपर्यंत ओढू शकते. चार्जर या मागणीला मर्यादा घालतो. ३० अँपिअरचा चार्जर असेल, तर जळगाव ते धुळे या सुमारे ९० किलोमीटरच्या प्रवासात बीएलडीसी पंख्याच्या रात्रीची बरीचशी भरपाई होते.

आता तारांकडे वळू. इन्व्हर्टर बॅटरीपासून शक्यतो एक-दीड मीटरच्या आत ठेवावा, पण पाणी घालायच्या बॅटरीच्या खोक्यातच ठेवू नये, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि इन्व्हर्टरमध्ये ठिणगी पडू शकते. गॅस सिलिंडरच्या कप्प्यालाही हाच नियम लागू आहे. १००० वॅटसाठी ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक केबल घ्यावी. जाण्या-येण्याची लांबी मिळून चार मीटर धरली, तर १०० अँपिअरला तिच्यात सुमारे ०.२ व्होल्टची घट होते. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट ०.४ व्होल्टच्या पुढे जाते. बाजारात वेल्डिंग केबल सहज मिळते आणि ती चांगली चालते, मात्र दुकानात एक धागा नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहावा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे.

ऋण तारेसाठी चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर विसंबू नये. वीस वर्षे पावसाळे पाहिलेल्या गाडीत बॉडी अर्थच्या जोडांवर गंज आणि रंग यांचे थर असतात. हॉर्न वाजतो म्हणून त्यातून १०० अँपिअर जातील असे नाही. धन तारेइतक्याच जाडीची स्वतंत्र ऋण केबल बॅटरीपर्यंत न्यावी. केबलच्या टोकांना जाड थिंबल (धातूची जोड-टोके) हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबून घ्यावेत, हातोडीने ठोकू नयेत, आणि वरून हीट श्रिंक नळी चढवावी. पत्र्यातून केबल जिथे जाते तिथे रबरी बुश आवश्यक आहे. कंपाने पत्र्याची कड केबलचे आवरण कापते आणि हा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच १५० अँपिअरचा डीसी फ्यूज बसवावा. फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसून केबलसाठी असतो, म्हणून तो इन्व्हर्टरजवळ बसवण्यात अर्थ नाही. घरातली साधी एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे वापरू नये. ती प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी असते आणि डीसीची ठिणगी तोडण्याची खात्री तिच्यात नसते. फ्यूजनंतर हाताने फिरवायचा डीसी आयसोलेटर स्विच ठेवावा.

जोडणीच्या वेळी गॅस बंद करावा, अंगठी व कडे काढून ठेवावे आणि आधी बॅटऱ्यांचे ऋण टोक सोडवावे. सर्व पूर्ण झाल्यावर शेवटचा जोड करताना इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम भरतात आणि मोठी ठिणगी उडते. ती टाळण्यासाठी गाडीचा १२ व्होल्टचा एक बल्ब काही सेकंद उघड्या आयसोलेटरच्या दोन टोकांवर धरावा. बल्ब पेटून विझत आला की मग स्विच चालू करावा.

२३० व्होल्टच्या बाजूला घाई करू नये, कारण माणूस मरतो तो याच बाजूने. गाडीत एकसंध तार न वापरता बारीक धाग्यांची २.५ चौरस मिलिमीटर केबल वापरावी, तिच्यावर ६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी. इन्व्हर्टरच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले आहेत की नाहीत, हे पुस्तिकेत पाहावे. ते जोडलेले नसतील तर गळतीचा प्रवाह परत जायला मार्ग नसतो आणि आरसीसीबी असूनही काम करत नाही. मात्र हा जोड पुस्तिका परवानगी देत असेल तरच द्यावा. काही स्वस्त इन्व्हर्टरांत तो दिला की आतले सर्किट जळते. धाब्यावरून किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत मुक्कामाला असताना बाहेरून वीज घेत असाल, तर दोन्ही पुरवठे कधीच एकत्र येणार नाहीत असा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवा. बाहेरच्या विजेवर असताना गाडीतला न्यूट्रल-अर्थ जोड सुटलेला असला पाहिजे. बॅटरी भरणारा चार्जर मात्र बाहेरच्या विजेच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर इन्व्हर्टर आपलीच बॅटरी भरत बसतो आणि ती रिकामी करतो. हे काम विजेच्या परवानाधारक कारागिराकडूनच तपासून घ्यावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद गाडीच्या आत तापमान त्याच्या बरेच वर जाते, आणि बहुतेक इन्व्हर्टर ४० अंशांच्या पुढे पूर्ण क्षमता देत नाहीत. त्यांच्याभोवती हवा खेळती ठेवावी आणि पंख्याच्या जाळीत अडकलेली काळ्या मातीची धूळ दर महिन्याला झटकावी. शिसे-आम्ल बॅटरी ४५ अंशांना भरायची असेल, तर २५ अंशांच्या तुलनेत ०.४ ते ०.६ व्होल्ट कमी लागतात. जुना अल्टरनेटर हे जाणत नाही, म्हणून पाणी भराभर उडते. एप्रिल ते जून दर पंधरवड्याला पाण्याची पातळी पाहावी आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

चाचणी घेताना ५०० वॅटचा भार चालू ठेवून एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर कुठलातरी जोड सैल आहे. भार बंद करून प्रत्येक थिंबलला हात लावावा; जो गरम लागेल तो पुन्हा करावा. इन्व्हर्टर स्वतःहून सहसा १०.५ व्होल्टला बंद होतो, पण पंख्यासारख्या हलक्या भारावर तिथपर्यंत जाणे बॅटरीला फार खोल पडते, म्हणून एक छोटा व्होल्टमीटर झोपायच्या जागेवरून दिसेल असा लावावा आणि तो १२ च्या खाली गेला की पंखा बंद करावा. पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. जोडणीचा आराखडा, केबलची जाडी आणि फ्यूजचे अँपिअर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावेत, म्हणजे शिरपूरच्या रस्त्यावर रात्री भेटलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनलाही कुठली तार कुठे जाते हे कळेल.