बोंबलाचं इंग्रजी कूळ कसं शोधावं

इंग्रजीत बोंबील माशासाठी 'बम्मलो' असा एक शब्द आहे. तो आता फारसा कुणी वापरत नाही, त्या माशाला 'बॉम्बे डक'च म्हणतात. 'बम्मलो' आपल्या बोंबलावरून आला हे ऐकताक्षणी पटतं, म्हणूनच ते तपासून घ्यावं.

आधी जुनी स्पेलिंगं एका तक्त्यात सालवार मांडा. त्यासाठी यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश (1886, क्रुकची आवृत्ती 1903) उघडा. त्यात शब्दाखाली जुने उतारे सालासकट असतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो आणि मोल्सवर्थचा मराठी कोश (1857), दोन्ही फुकट पाहता येतात.

तिथे इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर याचा 1673 सालाखालचा उतारा मिळतो: 'मॅसिगाँग' या मोठ्या मच्छीमार गावी 'बम्बेलो' नावाचा मासा मिळतो, गरिबांचं पोट त्यावर चालतं. फ्रायरचं पुस्तक मात्र 1698 मध्ये छापलं गेलं. लिहिल्याचं साल आणि छापल्याचं साल वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर 25 वर्षांचा घोळ होतो.

आता जागा पाहा. मॅसिगाँग म्हणजे माझगाव, कोळ्यांची जुनी वस्ती. मग अक्षरं. फ्रायरच्या रूपात 'म'नंतरचा 'ब' शाबूत आहे, तसाच मोल्सवर्थच्या 'बोंबील'मध्येही. बहुतेकांची चूक इथेच होते: ते आजचं 'बम्मलो' घेऊन बसतात. त्यात 'ब' गळलेला असल्यामुळे ते गुजराती 'बूमला'च्या जास्त जवळ वाटतं. पुढच्या काळात गुजराती-पारशी उच्चाराचा हात लागला असेलही, पण मूळ ठरवायचं ते सर्वांत जुन्या रूपावरून, आणि ते मराठीकडे झुकतं. ब्लूतोच्या पोर्तुगीज कोशाच्या पुरवणीत (1727) 'बाम्बुलिम' आहे, त्यातही 'ब' टिकून आहे. तरी टिपणात 'बहुधा मराठी' एवढंच लिहा. यूल-बर्नेलनीही मोल्सवर्थचा दाखला देऊन उगम अस्पष्टच म्हटला आहे.

'बॉम्बे डक'ची गोष्ट सांगणारे भेटतीलच: सुके बोंबील रेल्वेच्या डाकगाडीने जायचे, म्हणून 'बॉम्बे डाक'. मुंबईची पहिली रेल्वे 16 एप्रिल 1853 ला धावली, आणि हे नाव त्याआधीच्या इंग्रजी छपाईत सापडतं. गोष्ट कितीही रंगलेली असो, तारीख जुळली नाही की ती तक्त्यातून काढा.