वारशात आलेली जुनी फौजी रायफल: या चुका टाळा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आजोबांची रायफल निघाली की पहिली हौस येते ती चकचकीत करण्याची. त्याआधी कागद बघा. परवानाधारक वारल्यावर हत्यार आपोआप मुलाचं होत नाही. ते ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसानं अर्ज करायचा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाचीही त्यातच मोजतात. आणि .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, त्याच्या परवानगीची गाठ केंद्रीय गृहखात्याशी. बाजारात दिसणारी .३१५ तिच्यासारखीच दिसते, पण गोळी वेगळी. ‘बसतंय का बघू’ म्हणून एकीचं काडतूस दुसरीत घालू नका.

आता हातोडी-पाना घेणाऱ्यांसाठी. १९०७ च्या नमुन्याच्या ली-एन्फील्डचा, म्हणजे जुन्या .३०३ फौजी रायफलीचा, कुंदा कधीही आधी काढू नका. कुंद्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की लाकूड उभं चिरतं. आधी पुढचं लाकूड उतरवा, मग कुंदा. क्रम एवढाच, पण तो न पाळल्यानं फुटलेली लाकडं पुष्कळ.

पॉलिशपेपर तर घरात असेल तर लपवून ठेवा! लाकडावरचे शिक्के घासले गेले की रायफलीची ओळखही गेली. धूळ पुसा, अळशीच्या कच्च्या तेलाचा पातळ हात द्या, बस. न बिघडवलेली रायफल कशी दिसते ते पाहायचं असेल तर इंदूरला सीमा सुरक्षा दलाचं शस्त्र संग्रहालय आहे, महूला पायदळाचं.

बोल्टवरचा (हा मागेपुढे सरकणारा खटका, कुंद्यातला बोल्ट नव्हे) आणि तो ज्यात सरकतो त्या बॉडीवरचा क्रमांक जुळतो का तेही पाहा. जुळत नसेल तर जाणत्या शस्त्रकारानं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांतलं अंतर, मोजल्याशिवाय गोळी चालवायची नाही. रिकाम्या पुंगळीच्या बुडाजवळ चमकदार कडं उमटलं, तर ती तिथंच तुटायला आली आहे. गोळीबार तिथंच थांबवा. अंगावर ‘डी पी’ ठोकलेली रायफल कवायतीची. तिनं गोळी मारायचीच नाही.

परवाना, रेंज सगळं जमलं आणि जुनी फौजी काडतुसं वापरली, तर दुसऱ्याच दिवशी नळीत गंज दिसेल. जुन्या काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतली ओल ओढतं. नुसत्या तेलानं मीठ विरघळत नाही, इथंच सगळे फसतात. बोल्ट काढा, चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून, उकळतं पाणी ओता, कोरडी चिंधी फिरवा, मग तेल. पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची, दोरी सरळ ओढा. तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम पसरतो.

गोळ्या इकडेतिकडे पडत असतील, तर नळीला दोष देण्याआधी स्क्रू तपासा. आणि पावसाळ्यात रायफल कातडी पिशवीत ठेवू नका, कातडं ओल धरतं.