नवीन शहरात भाड्याने घर बघताय? एरिया निवडताना या चुका टाळा

बदली झाली किंवा नवीन जॉब लागला की पहिला उद्योग म्हणजे मोबाईलवर घरं बघत बसायचं, आणि किचन बरं दिसलं, बाल्कनी आहे, भाडं बजेटमध्ये आहे म्हटलं की टोकन देऊन मोकळं व्हायचं. एरिया कसा आहे ते सामान लावून झाल्यावर कळतं. मध्यम आकाराच्या शहरात तर हे हमखास होतं, कारण शहर लहान आहे म्हणजे सगळं जवळच असणार असं आपण आधीच धरून बसतो.

किलोमीटर मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अशा शहरांत नदीवर पूल एखाददुसराच, रेल्वे फाटक एक आणि मेन रोडही दोनतीनच, त्यामुळे ऑफिस सहा किलोमीटरवर असलं तरी सकाळी अख्खं शहर त्याच पुलावर येऊन उभं राहतं आणि तिथं काम निघालं की दुसरा रस्ताच नसतो. म्हणून पहिला प्रश्न ऑफिस नदीच्या किंवा रुळांच्या कुठल्या बाजूला आहे हा, आणि जमलं तर घर त्याच बाजूला बघा, थोडं लांब पडलं तरी चालेल. गुगल मॅप्समध्ये निघायची वेळ टाकता येते, तिथं कामाच्या दिवसाची सकाळ टाकून बघा आणि परतीचाही वेळ बघा, तो बहुतेकजण बघतच नाहीत. रविवारी दुपारी घर दाखवताना एजंट “दहा मिनिटं लागतात” म्हणतो ते खोटं नसतं, फक्त रविवार दुपारचं असतं.

जाताना 25 आणि येताना 25 मिनिटं जास्त जात असतील तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांचे अठरा तासांच्या वर होतात. वर पेट्रोल. शहराच्या टोकाला भाडं कमी असतं म्हणून जाणाऱ्यांनी भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च एकत्र मांडावा. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावं असं धरते. आकडा तुमच्या परिस्थितीप्रमाणे मागेपुढे करा पण बेरीज कराच, कारण बस लवकर बंद होते म्हणून घरात दुसरी गाडी घ्यावी लागली की स्वस्त घराचं गणित तिथंच फसतं.

एकाच वेळी जाऊन बघणं

दुपारी तीनला कुठलाही एरिया शांतच असतो. त्याच गल्लीत रात्री अकरानंतर एक चक्कर मारा, जमलं तर पहाटेही, कारण घाऊक मार्केटचे ट्रक, कोपऱ्यावरचं गॅरेज, शाळा सुटतानाची गर्दी, बंद पडलेले स्ट्रीट लाईट हे सगळं आपापल्या वेळेलाच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या युरोपसाठीच्या सूचनांमध्ये रात्रीच्या रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज घराबाहेर सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. मोबाईलच्या ॲपवर अचूक मोजमाप होत नाही, पण एकाच फोनने दोन घरांच्या बेडरूममध्ये खिडकी उघडून मोजलं तर कुठं जास्त आवाज आहे ते कळतं. त्याच वेळी घराच्या आतल्या खोलीत उभं राहून एक कॉल करून बघा, गेटवर फुल रेंज आणि बेडरूममध्ये शून्य असं सर्रास असतं. घरून काम असेल तर शेजारच्यांना कुठलं इंटरनेट चालतं ते विचारा, कंपनीच्या साईटवर नुसतं उपलब्ध लिहिलेलं असतं.

पावसाचं पाणी न विचारणं

एजंटला “इथं पाणी साचतं का” विचारलं तर उत्तर नाहीच येणार. समोरच्या दुकानदाराला विचारा, आणि विचारायचं असं: “मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं?” मग तो हाताने दाखवतो. स्वतःही बघा, कंपाउंडच्या भिंतीवर सरळ आडवा डाग आहे का, दुकानांचे उंबरे उगाचच उंच केलेत का, विजेचे मीटर नेहमीपेक्षा वर बसवलेत का. एकाच भिंतीच्या फक्त खालच्या भागाला ताजा रंग दिसला तर हात लावून बघाच.

“एरिया डेव्हलप होतोय”

हे वाक्य घर विकत घेणाऱ्यासाठी ठीक आहे. भाडेकरूचा यात काय फायदा? रस्ता झाला, किंमत वाढली तर ती मालकाची, तुमच्या वाट्याला धूळ, ड्रिलचा आवाज आणि पुढच्या वर्षी वाढलेलं भाडं. आज जे आहे त्याचंच भाडं द्या. शेजारी रिकामा प्लॉट असेल तर तिथं बांधकाम कधी सुरू होणार ते विचारून घ्या.

जाहिरातीतल्या एरियाच्या नावावर पण जाऊ नका, चांगल्या भागाचं नाव दोन किलोमीटर पुढपर्यंत ताणलेलं असतं, आधी लोकेशन पिन मागा. पिन द्यायला टाळाटाळ करून आधी पैसे मागत असतील तर विषय तिथंच संपवा.

न राहताच मोठा करार

शक्य असेल तर पहिला महिना कुठंतरी तात्पुरतं राहा आणि तिथून शोधा. अशा शहरांत बरीच घरं ऑनलाईन येतच नाहीत, गेटवर पाटी लागते किंवा ऑफिसमधल्या कुणाच्या तरी ओळखीने मिळतात. फक्त सल्ला देणारा कोण आहे ते बघा, एकट्या राहणाऱ्याला आवडलेला एरिया लहान मुलं असलेल्याला झेपेलच असं नाही.

आणि आधीच चुकीच्या जागी अडकला असाल तर त्रास घराचा आहे की एरियाचा ते आधी वेगळं करा. आवाज रस्त्याकडच्या खोलीतच येत असेल तर बेडरूम मागे हलवून बघा, ट्रॅफिक असेल तर ऑफिसची वेळ अर्धा तास पुढेमागे करून मिळते का बघा. तरीही जमत नसेल तर करार काढून लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) कधी संपतंय, नोटीस किती दिवसांची आहे आणि बदली भाडेकरू आणून दिला तर मालक लवकर सोडतो का हे वाचा, मालकाशी बोलणं झालं की ते मेसेजवर लेखी घ्या आणि नवीन घर नक्की झाल्याशिवाय नोटीस देऊ नका.